माया ठेवायची ती कापण्याआधी

रमजानचे दहा-बारा रोजे झाले की शिंप्यांच्या दुकानांत ‘ईदच्या ऑर्डरी बंद’ अशी पाटी दिसू लागते. हाताने चपला-बूट करून देणारा कारागीर बहुधा त्याच्याही आधी हात जोडतो. गिऱ्हाईकाला वाटते, भाव वाढवायचा बहाणा असेल. तसे नसते. शिंप्याचे थोडे चुकले तर तो रात्रीतून शिवण उसवतो आणि आत दाबून ठेवलेले जादा कापड मोकळे करतो. या जादा कापडाला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. पोराचा कुर्ता शिवताना आई शिंप्याला हमखास सांगते, “भाऊ, थोडी माया ठेवा, पुढच्या ईदलाही झाला पाहिजे.”

चामड्याला ही सोय नाही. आरीने पाडलेले भोक बुजत नाही. उसवलेल्या शिवणीची भोके जन्मभर दिसतात. कडेला रापी एकदा फिरली की फिरली. म्हणून चामड्यात जी काही माया ठेवायची ती कापण्याआधी, कागदावर, हिशेब करून ठेवावी लागते. कापण्याचे आणि शिवण्याचे काम आपल्याला दुकानाबाहेरूनही दिसते. हिशेबाचे काम दिसत नाही. ते चुकले तर वाया गेलेल्या तुकड्याची किंमत बहुतेक वेळा कारागिराच्या मजुरीतून जाते, आणि उरलेली किंमत आपला पाय मोजतो.

पाय कागदावर उतरतो तेव्हा

चपलेचे माप म्हणजे एक आकडा, अशी आपली समजूत असते. “आठ नंबर द्या,” म्हटले की काम झाले. हा आठ नंबर कुठून आला ते पाहू. आपल्याकडे चालणारी नंबरांची रीत इंग्रजांची आहे. त्यात एका नंबरापासून दुसऱ्या नंबरापर्यंत इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढतो. बूट ज्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या फर्म्यावर चढवतात, त्याची लांबी इंचांत घ्या, तिला तीनने गुणा आणि त्यातून 25 वजा करा. जो आकडा उरतो तो मोठ्या माणसाचा नंबर. फर्मा 11 इंचांचा असेल तर 33 वजा 25, म्हणजे आठ नंबर. युरोपातल्या रीतीत एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचा दोन तृतीयांश भाग. 28 सेंटिमीटरच्या फर्म्याचा नंबर होतो 42. आपल्या आठ नंबरच्या बुटावर कधी कधी 42 छापलेले दिसते, त्याचे कारण हेच.

लक्षात घ्या, या दोन्ही रीतींत फक्त लांबी आहे. पाय रुंद आहे की अरुंद, पायाची कमान उंच आहे की सपाट, याविषयी नंबर काहीच बोलत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांचे पाय यंत्राने मोजून भारतीयांसाठी ‘भा’ नावाची नवी मापपद्धती सुचवली आहे. युरोपीय पायांपेक्षा आपले पाय सर्वसाधारणपणे रुंद असतात, हा त्या पाहणीचा एक ठळक निष्कर्ष आहे.

रुंद पायाचा माणूस दुकानात काय करतो? आठ नंबर चावतो म्हणून नऊ घेतो. रुंदी थोडी मिळते, पण लांबी विनाकारण वाढते. पुढे चप्पल अडखळते, मागे टाच घसरते. ‘आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला’ ही म्हण इथे चपखल बसते. पखालही चामड्याचीच असायची, हा योगायोग.

हाताने काम करणारा कारागीर म्हणूनच नंबर विचारून थांबत नाही. तो कागदावर पाय ठेवायला सांगतो, तोही उभे राहून. बसलेल्या माणसाच्या पायावर भार नसतो. उभे राहिले की पाय लांबीलाही वाढतो आणि पसरतोही. पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती फिरवायची. ती आत कलली तर तळ लहान होतो, बाहेर कलली तर मोठा. मग टेपने किंवा कागदाच्या पट्टीने पायाचे घेर घ्यायचे. एक घेर बोटांच्या मुळाशी, जिथे पाय सर्वांत रुंद असतो तिथे. दुसरा पायाच्या मधल्या भागावर, जिथे चपलेचा पट्टा बसतो. दोन्ही पाय मोजायचे, कारण आपले दोन पाय तंतोतंत सारखे क्वचितच असतात. जो मोठा असेल तो धरायचा.

माप घेण्याची वेळही महत्त्वाची आहे. दिवसभर उभे राहून, चालून संध्याकाळपर्यंत पाय थोडे फुगतात. सकाळी माप दिलेली चप्पल रात्री आवळते. या बाबतीत रमजानचा बाजार आपोआप योग्य वेळी भरतो. इफ्तार झाली, तरावीहची नमाज झाली की माणसे खरेदीला निघतात. तेव्हाचे माप सकाळच्या मापापेक्षा भरवशाचे.

कोल्हापुरीतली उणी माया

बुटाला नाडी असते, सँडलला बक्कल असते. थोडे सैल झाले तर आवळता येते. कोल्हापुरीला यातले काहीच नाही. वरचा तळ, खालचा तळ, दोन बाजूंना दोन कान, त्यांना जोडणारा पट्टा आणि पुढे अंगठा. जुन्या पद्धतीच्या कोल्हापुरीत खिळाही नसतो. चामड्याच्याच वादीने तळ शिवलेला असतो. म्हणजे जे काही बसायचे ते केवळ मापाच्या जोरावर.

2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना मिळून. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे त्यात येतात. सीमेच्या दोन्ही बाजूंना भाषा वेगळी असली तरी पट्ट्याच्या मापाचा प्रश्न सगळीकडे एकच आहे.

अंगठ्याची जागा घ्या. तो थोडा पुढे गेला तर पाय पुढे सरकतो आणि बोटे तळाबाहेर डोकावतात. थोडा मागे आला तर टाच मागे लोंबते. म्हणून टाचेपासून अंगठ्याच्या बेचक्यापर्यंतचे अंतर वेगळे मोजावे लागते. पायाची एकूण लांबी सारखी असलेल्या दोन माणसांत हे अंतर सारखे असेलच असे नाही. कुणाची बोटे लांब, कुणाची आखूड.

पट्ट्याचे गणित आणखी नाजूक. पायावरून जाणारी लांबी घ्यायची. दोन्ही तळांच्या मध्ये शिरून शिवला जाणारा बोटभर भाग दोन्ही बाजूंना जोडायचा. आणि मग त्यातून थोडे कमी करायचे! कारण झाडपाल्याने कमावलेले चामडे पायाच्या उबेने आणि घामाने ताणते. बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरलेले हे चामडे पहिल्या दिवशी ताठ असते. तेल लावून, वापरून ते पायाचा आकार घेते. पट्टा पहिल्याच दिवशी आरामात बसला, तर महिनाभरात चप्पल ढिली पडते. शिंप्याची माया नेहमी अधिक असते, चपलेच्या पट्ट्यातली माया कधी कधी उणी असते. किती उणी, ते चामड्याच्या त्या तुकड्यावर अवलंबून. म्हणून कारागीर कापण्याआधी पट्टी दोन्ही हातांत धरून ओढून पाहतो. आपल्याला ती सवय वाटते. ती मोजणी असते.

जाडीचा हिशेब

कापडाच्या कामात जाडी जवळजवळ धरावीच लागत नाही. चामड्यात तीच सगळ्यांना दगा देते. हल्ली बरीच मुले-मुली घरी पाकीट, किल्ल्यांची पिशवी, बाटलीचे आवरण करायला शिकतात. त्यांचा पहिला नग लहान होतो तो इथेच.

एक उदाहरण घेऊ. पाण्याची बाटली आहे, तिचा व्यास 70 मिलिमीटर. तिच्याभोवती चामड्याचे आवरण करायचे. शाळेत शिकल्याप्रमाणे व्यासाला 3.14 ने गुणले की 220 मिलिमीटर येतात. तेवढी पट्टी कापून, कडेला कड भिडवून शिवायला गेलो तर ती पुरत नाही. कारण चामडे स्वतः 2 मिलिमीटर जाड आहे. गोल वळवताना त्याची आतली बाजू आवळते, बाहेरची ताणते, आणि खरी लांबी धरायची ती मधल्या थराची. म्हणजे व्यास 70 नव्हे, 72 धरायचा. उत्तर येते 226. सहा मिलिमीटरचा फरक. एकावर एक कड चढवून शिवायचे असेल तर तेवढे आणखी वाढवायचे.

नियम लहान आहे. गोल वळणाऱ्या कोणत्याही वस्तूला बाटलीचा व्यास अधिक एकदा चामड्याची जाडी, आणि त्याला 3.14 ने गुणायचे. डब्याचे आवरण असो, छत्रीची मूठ असो की ढोलकीच्या गळ्यातला पट्टा, हिशेब तोच.

घडी घालायची असेल तर निम्मे वर्तुळ होते. पाकिटात बाहेरचे आणि आतले असे दोन थर असतात. दोन्ही सारख्याच लांबीचे कापून शिवले आणि पाकीट मिटले, की आतले चामडे गोळा होते आणि घडीवर सुरकुत्या पडतात. बाहेरचा थर किती लांब हवा? दोन थरांच्या मध्यांमधले अंतर गुणिले 3.14. दोन्ही थर 1.2 मिलिमीटरचे असतील तर जवळजवळ 4 मिलिमीटर. आत नोटा येणार, म्हणून ते अंतर 3 मिलिमीटर धरले तर साडेनऊ. पाकीट उघडून टेबलावर ठेवले की पाठीला थोडा बाक दिसतो, तो याचा. नवखा त्याला दोष समजतो, जाणता तो मुद्दाम ठेवतो.

नोटा बदलल्या, पाकीट बदलले

पाकिटाचे माप शेवटी आत काय जाणार त्यावर ठरते. 2016 च्या नोटाबंदीचा परिणाम चामड्याच्या साच्यांवरही झाला, हे फारसे कुणाच्या लक्षात आले नाही. जुनी हजाराची नोट 177 मिलिमीटर लांब आणि 73 मिलिमीटर रुंद होती. जुनी पाचशेची 167 लांब, रुंदी तीच 73. आजची पाचशेची नोट 150 लांब आणि 66 रुंद आहे. शंभराची 142, दोनशेची 146, रुंदी 66च. म्हणजे नोट उंचीला सात मिलिमीटरने खाली आली. जुन्या साच्यावर केलेल्या पाकिटात नवी नोट खाली बसते आणि बोटाने चाचपून काढावी लागते.

आता पाकिटाची लांबी ठरते ती नोटेवरून कमी आणि कार्डावरून जास्त. एटीएम कार्ड, पॅन कार्ड, वाहन परवाना या सगळ्यांचा आकार जगभर एकच ठरलेला आहे. लांबी 85.6 मिलिमीटर आणि रुंदी 54 मिलिमीटर. कार्ड आत-बाहेर सहज व्हावे म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर सोडायचे, झाले 90. शिवण कडेपासून साडेतीन मिलिमीटर आत, दोन्ही बाजू मिळून 7. एका कप्प्याची रुंदी 97 झाली. उघडल्यावर दोन बाजूंना दोन कप्पे म्हणजे 194, आणि मध्ये घडीची जागा. साधारण 200 मिलिमीटरचा तुकडा लागतो. पाचशेच्या नोटेला 170 पुरले असते.

याच टप्प्यावर शिवणही मोजून घेतात. टाके 4 मिलिमीटरचे असतील तर 200 मिलिमीटरच्या शिवणीत बरोबर 50 बसतात. शिवण 202 ठेवली तर शेवटचा टाका अर्धा उरतो, आणि कोपऱ्यावर दोन भोके इतकी जवळ येतात की चामडे तिथेच फाटते. दोन सुयांनी हाताने शिवायचे तर दोराही आधी मोजावा लागतो. शिवणीच्या सुमारे चौपट. मध्येच दोरा संपला तर गाठ दिसते.

कमरेचा पट्टा त्या मानाने सोपा, पण तिथेही लोक एक चुकीचा आकडा देतात. पँटच्या नंबरवर पट्टा कापत नाहीत. जुना पट्टा घ्या. बक्कल जिथे दुमडली आहे तिथपासून रोज वापरत असलेल्या छिद्रापर्यंत मोजा. समजा 36 इंच आले. नव्या पट्ट्यात पाच छिद्रे, एकेक इंचावर, आणि ही 36 इंचांची जागा म्हणजे मधले छिद्र. त्याच्या पुढे शेवटच्या छिद्रापर्यंत 2 इंच, टोकासाठी 4, आणि बक्कलीच्या दुमडीसाठी 3. एकूण 45 इंच. मधले छिद्र धरायचे ते दोन्ही बाजूंना जागा राहावी म्हणून. महिनाभराचे रोजे एक छिद्र आत नेतात आणि ईदचा शीरखुर्मा दोन छिद्रे बाहेर आणतो. दिवाळीच्या फराळाचेही काही वेगळे नसते.

घोटा झाकणारे मोजे

रमजानात मशिदीबाहेरच्या दुकानांत पातळ चामड्याचे काळे मोजे टांगलेले दिसतात. त्यांना खुफ म्हणतात. नमाजच्या आधी हात-तोंड-पाय धुण्याला वुजू म्हणतात. धुतलेल्या पायांवर हे मोजे घातले असतील तर पुढच्या वेळी पाय धुण्याऐवजी ओला हात मोज्यावरून फिरवला तरी चालतो. घरी असणाऱ्याला ही सवलत एक दिवस-रात्र, प्रवाशाला तीन दिवस. थंडीत वृद्धांना आणि प्रवासात सगळ्यांनाच तिचा उपयोग होतो.

कारागिराच्या दृष्टीने यात गंमत अशी की या मोज्याच्या मापाला धर्मशास्त्राचीही अट आहे. मोजा घोट्याच्या वर गेला पाहिजे, चालता आले पाहिजे, आणि तो फाटका नसावा. फाटका म्हणजे किती? हनफी मताप्रमाणे पायाच्या तीन लहान बोटांएवढे भोक पडले तर तो चालत नाही. माप इंचात नाही, पायाच्या बोटांत आहे.

साचा करताना खरी अडचण घोट्याशी येते. समजा घोट्याच्या वरचा घेर 24 सेंटिमीटर आहे. पण पाय आत जाताना टाचेच्या टोकापासून पायाच्या वरच्या वळणापर्यंतचा तिरपा घेर तिथून जायचा असतो, आणि तो असतो 33 सेंटिमीटरच्या आसपास. 24 वर कापला तर पाय आत जात नाही. 33 वर कापला तर मोजा घोट्याशी लोंबतो. त्यावर उपाय म्हणून बाजूला चेन लावतात. चेनचा फाटा टाचेच्या वळणाजवळपर्यंत खाली नेला तरच हा फरक भरून निघतो. घोट्यापर्यंतच्या बुटाला नाडी किंवा चेन का लागते, याचेही उत्तर हेच दोन आकडे.

मोटेची सोंड

हा हिशेब आजचा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या शेतात विहिरीवर मोट चालायची. चामड्याची मोट, तिला खाली लांब नळीसारखी सोंड. मोट ओढायला एक जाड दोर, नाडा. सोंड धरून ठेवायला दुसरा, सोंदूर. मोट विहिरीतून वर येताना सोंड वर दुमडलेली असायची आणि थारोळ्याशी आली की सोंदुरामुळे ती पुढे ओढली जाऊन पाणी आपोआप ओतले जायचे. मोटेत हात घालावा लागत नसे.

हे जमण्यासाठी सोंडेची लांबी नेमकी लागायची. वर दुमडलेल्या सोंडेचे तोंड मोटेतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली राहिले तर निम्मे पाणी परत विहिरीत. सोंड फार लांब झाली तर थारोळ्याशी ती नीट पसरत नाही. दोन्ही दोरांची लांबीही सोंडेच्या मापाशी जुळवावी लागे. शिवाय मोट किती मोठी करायची, ते बैलांच्या ताकदीवर. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, त्यावर ओल्या चामड्याचे. कागद, पेन्सिल, कोष्टक यांपैकी काही नसताना हे सगळे वीत, मूठ आणि बोटांवर मोजले जायचे.

हे मोजणारा माणूस गावाने कधी शिकलेला मानला नाही. कातडे कमावणारे ढोर आणि त्याची मोट, चप्पल करणारे चर्मकार, दोघेही अस्पृश्य ठरवले गेले. ज्या विहिरीत त्याच्या हातची मोट दिवसभर उतरायची, तिथे अनेक गावांत त्याला स्वतः पाणी भरता येत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जे केले, त्याचा अर्थ मोट डोळ्यांसमोर आणली की आणखी टोकदार होतो.

चामड्याच्या धंद्यात मुसलमानही पिढ्यानपिढ्या आहेत. धारावीत कातडी कमावण्याचे कारखाने उभे करणाऱ्यांत तमिळनाडूतून आलेले मुस्लिम व्यावसायिक होते. मुंबईत मसक खांद्यावर घेऊन पाणी पोचवणारे भिश्तीही मुसलमानच. मसकेला साचा लागत नाही. अख्ख्या बकऱ्याचे कातडे, मानेचे तोंड, पाय बांधलेले. बकराच तिचे माप.

पाठीची पट्टी, पोटाचा तुकडा

साचा पुठ्ठ्यावर कापून झाला तरी हिशेब संपत नाही. तो चामड्यावर कुठे ठेवायचा, हे उरतेच. जनावराच्या पाठीचे चामडे घट्ट असते, फारसे ताणत नाही. पोटाकडचे सैल असते. मानेवर सुरकुत्या असतात. पट्टा, चपलेचा तळ, पिशवीचा बंद हे पाठीतून, कण्याच्या दिशेने काढायचे. पोटाचे तुकडे आतल्या अस्तराला किंवा ताण न येणाऱ्या जागी. एका चपलेचा पट्टा पाठीचा आणि दुसरीचा पोटाचा आला, तर माप सारखे असूनही महिनाभरात एक चप्पल ढिली होते. गिऱ्हाईक म्हणते माप चुकले. माप बरोबर असते, जागा चुकलेली असते.

चामडे चौरस फुटावर विकतात. कातड्याच्या मागच्या बाजूला 22 लिहून त्याच्या डोक्यावर छोटा 2 काढलेला असेल तर ते 222 नव्हे, साडेबावीस चौरस फूट. वरचा आकडा चतकोरांचा. पण साडेबावीस फुटांतून साडेबावीस फुटांचा माल निघत नाही. कडा वाकड्या असतात, मध्ये गोचिडाचे, काट्याचे, डागण्याचे व्रण असतात. साचे जिगसॉच्या तुकड्यांसारखे एकमेकांत अडकवून मांडणे आणि कमीत कमी वाया घालवणे, यातच कारागिराच्या हाती पडणारी मजुरी वाढते किंवा घटते.

जिथे चूक पायाला कळत नाही

इतका वेळ आपण चावणाऱ्या चपलेविषयी बोललो. चप्पल चावते, हे एका अर्थी बरे. दुखले की माणूस ती काढून ठेवतो. ज्यांचा मधुमेह जुना आहे त्यांच्यापैकी अनेकांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. पट्टा रुततो, कातडी सोलते, जखम होते, आणि पायाला पत्ताच लागत नाही. मोजे काढल्यावर रक्त दिसते तेव्हा कळते. अशी जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. रोजे धरणाऱ्या आणि न धरणाऱ्या, सगळ्याच घरांत आज असे कुणी ना कुणी आहे.

अशांनी अंगठ्याची चप्पल टाळावी, असे डॉक्टर सांगतात. मागे पट्टा असलेली, आत मऊ एमसीआर रबराचा तळ असलेली चप्पल त्यांना हवी. इथे पुन्हा मापाचा प्रश्न येतो. नेहमीच्या चपलेत नुसता 8 मिलिमीटरचा मऊ तळ चिकटवला, तर पाय 8 मिलिमीटरने वर उचलला जातो. पट्टा मात्र तेवढाच राहतो आणि दोन्ही बाजूंनी आवळतो. तळ 8 ने वाढला की पट्टा दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 16 मिलिमीटरने वाढायला हवा. मऊ करण्यासाठी घातलेला तळच रुतणारी चप्पल तयार करतो, तो या 16 मिलिमीटरांच्या विसरामुळे. अशा पायासाठी पट्ट्याला वेलक्रो ठेवलेली बरी, म्हणजे सूज कमी-जास्त झाली तरी जुळवून घेता येते.

माप द्यायला जाताना

कारागिराकडे जाणार असाल तर थोड्या गोष्टी लक्षात ठेवा. संध्याकाळी जा. उभे राहून माप द्या, दोन्ही पायांचे. मोजे घालून वापरणार असाल तर मोजे घालूनच. एखादे हाड वर आले असेल, जुनी जखम असेल, साखर असेल तर संकोच न करता सांगा. लहान मुलाचे माप अंदाजाने देऊ नका, त्याला बरोबर न्या. जुनी, घासलेली चप्पल सोबत असू द्या. ती कुठे झिजली आहे ते पाहून जाणत्या कारागिराला तुमच्या चालीचा अंदाज येतो. आणि माप घेऊन झाले की तो पुठ्ठ्याचा साचा नाव लिहून जपून ठेवायला सांगा. पुढच्या वेळी निम्मे काम झालेले असेल.

तयार चपलेशी भावाची तुलना करताना एवढेच पाहा की दुकानातल्या चपलेचे माप कुणा सरासरी पायाचे आहे आणि हे तुमच्या पायाचे आहे. जो अर्धा तास तो कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन तुमच्या पायाशी बसतो, त्या अर्ध्या तासाचे पैसे आपण सहसा मोजत नाही. ते मोजायला हवेत.

ज्यांचा पाय नेहमीच्या नंबरात बसत नाही, त्यांनी मात्र चाँदरातीच्या गर्दीत घाई करू नये. या ईदला जुनीच चप्पल पॉलिश करून घाला. ईद झाली की आठवडाभराने जा. तेव्हा कारागिराला निवांतपणे माप घ्यायला वेळ असेल, आणि कापण्याआधी तो दोनदा मोजेल.